तिसऱ्या भट्टीचा तंटा

मी, गुनेल लेहतोला, माहेरची हॅगडाल, वय चौऱ्याहत्तर, राहणार ल्युंगहुल्ट, स्मोलंद, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. फुप्फुसे थकली आहेत, बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

एक. मला मूलबाळ नाही. राहते घर, मागचे सफरचंदाचे झाड आणि सरपणाची खोली माझे दिवंगत पती आर्वो यांची पुतणी काइसा लेहतोला हिला द्यावी. आर्वो फिनलंडहून आला तेव्हा या गावात त्याला भाड्याने खोलीही कोणी देत नव्हते. त्याच्या रक्ताचे कोणीतरी इथे मालक म्हणून राहावे, एवढीच इच्छा. छप्पर गळते. ते आधी बघावे.

दोन. आर्वोच्या काच फुंकायच्या लांब नळ्या म्हणजे फुंकण्या, चिमटे आणि कात्री गावात आता उरलेल्या एकुलत्या एका काचेच्या भट्टीवरच्या तरुण मंडळींना द्यावीत. बँकेतील शिल्लकही त्यांनाच, पण एका अटीवर. ती अट समजावी म्हणून पुढचे लिहिते.

आम्ही काचकारखान्यात तिसऱ्या भट्टीवर होतो. तोरस्तेन रीडिंग उस्ताद, आर्वो त्याचा जोडीदार, मी त्यांच्या हाताखाली. एका सकाळी तोरस्तेन फुंकणी घेऊन वळला आणि वितळलेली काच आर्वोच्या हाताला लागली. कोपरापर्यंत कातडी गेली. आर्वो म्हणाला, "न सांगता वळलास." तोरस्तेन म्हणाला, "झोपा काढतोस काय कामावर?" पुढे जे बोलले ते लिहिण्यासारखे नाही.

व्यवस्थापक बेंग्त वालेरीद यांच्याकडे मी कामगार संघटनेची प्रतिनिधी म्हणून गेले. म्हटले, "दोघांना समोर बसवा. नेमकं काय झालं ते एकेकाला सांगू द्या. मध्ये कुणी बोलायचं नाही."

"अगं, उकरून काय मिळणार? जखम भरेल. हात मिळवायला लावू, कॉफी पाजू, संपलं."

त्यांनी सगळ्यांसमोर हात मिळवायला लावले. आर्वोचा उजवा हात पट्टीत होता, म्हणून त्याने डावा दिला. वेलचीचे पाव वाटले गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वालेरीद यांच्याकडे प्रत्येक तंट्याला हेच औषध. पॅकिंगमधल्या एका मुलीला तिचा मुकादम छळत होता. तिथे समोरासमोर बसवणे म्हणजे तिलाच शिक्षा. त्याला तिथून हलवायला हवे होते. तिलाही हात मिळवायला लावला. महिन्याभरात ती गाव सोडून गेली.

त्यानंतर तोरस्तेन आणि आर्वो एकमेकांशी बोलेनासे झाले. भट्टीवर हाकेवर काम चालते. त्या हाका ते दोघे माझ्या तोंडून द्यायचे.

"गुनेल, त्याला सांग, मी वळतोय."

"गुनेल, त्याला सांग, वळ म्हणावं. मी काय रस्ता अडवलाय?"

दोघांमध्ये हातभर अंतर. बाकीचे हसायचे. मीही कधी कधी हसले. वर्षे गेली.

मग माझी आई वारली आणि मी अंत्यविधीला गेले. त्या दिवशी दोघेच होते. आर्वो भट्टीतून काच घेऊन वळला, त्याच क्षणी तोरस्तेन उठला. कुणीच हाक दिली नाही. तोरस्तेनचा डावा डोळा गेला.

फिनलंडवाल्याने सूड उगवला, असे गाव म्हणाले. दुकानात त्याच्या पाठीमागे कुजबुज व्हायची. आर्वोने काम सोडले, लाकडाच्या गिरणीत लागला. पुढच्या वर्षी मी त्याच्याशी लग्न केले. हात भाजला त्या पहिल्या अपघाताचे विचारले की म्हणायचा, "तो विषय नको." अगदी शेवटी, इस्पितळात, आपणहून म्हणाला, "हाक ऐकली होती गं मी. मला वाटलं, पलीकडच्या भट्टीची आहे. नवा पंखा किती घरघरायचा."

त्याच्या अंत्यविधीनंतर कॉफीच्या वेळी तोरस्तेन मागच्या बाकावर एकटाच बसला होता. मी जाऊन विचारले, "आर्वोचा हात भाजला त्या दिवशी हाक दिली होतीस?"

"दोनदा दिली. तो हललाच नाही. मला वाटलं, मुद्दाम."

मी त्याला पंख्याचे सांगितले. त्याने कप बाकावर ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे भांडण कशावरून होतं?"

आर्वो दोन तासांपूर्वी मातीत गेला होता.

तर अट अशी: भट्टीवर तंटा झाला तर आधी काय घडले ते विचारावे, त्याच दिवशी. कुणाला समोरासमोर बसवायचे, कुणाला वेगळे ठेवायचे, कुणाला घरी पाठवायचे, हे ऐकल्यावर ठरवावे. हात मिळवायला कुणालाही लावू नये.

तीन. माझ्या निवृत्तीच्या वेळी वालेरीद यांनी दिलेली फुलदाणी त्यांच्या मुलांना परत द्यावी. रागही सोबत देणार होते. तो कुणाच्या नावे करता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या.

चार. मला आर्वोशेजारी पुरावे. भाषण नको.

पाच. तोरस्तेनला आर्वोचे घड्याळ देण्याचे मनात होते. पण ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असा कायदा आहे. घड्याळ हवे की या मृत्युपत्राचा साक्षीदार व्हायचे, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "घड्याळ काइसाला दे. माझा डोळा गेला ते आर्वोनं मुद्दाम केलं नव्हतं, असं जिथं लिहिशील, त्याच्याखाली माझं नाव पाहिजे."

म्हणून लिहिते: आर्वोने मुद्दाम केले नव्हते.

सही: गुनेल लेहतोला

आम्हा दोघांच्या देखत, एकाच वेळी, सही झाली.

साक्षीदार: एब्बा सुंदविक, शेजारीण
साक्षीदार: तोरस्तेन रीडिंग, काचकामगार

ल्युंगहुल्ट, १४ नोव्हेंबर २०१९