एकोणीस वह्या आणि एक कोरी

हा कागद तुम्ही जपून ठेवाल आणि कुठे ठेवला ते विसराल, हे मला ठाऊक आहे. म्हणून तीन प्रती केल्या आहेत. तिसरी कुठे आहे ते सांगणार नाही, नाहीतर तीही जपून ठेवाल.

मी, खाली अंगठा उठवणारी, वय वर्षे शहाऐंशी, पुस्तकबांधणीतली निवृत्त कामगार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता सांगत आहे. दबाव असलाच तर घरच्यांवर माझा आहे. मला अक्षर येत नाही. लिहून घेत आहेत आमच्या छापखान्यातले मुद्रितशोधक. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या चुका काढल्या, पण स्वतःचा एक शब्द कुठे घुसवला नाही. नातीला सांगितलं असतं, तर तिनं माझं मरणसुद्धा सुधारून लिहिलं असतं. का, ते पुढे येईल.

कलम एक. राहतं घर मुलाला. तो मुख्याध्यापक होता, त्यामुळे घरातही घंटा झाल्यासारखा बोलतो. पण छप्पर गळलं तर स्वतः वर चढतो. बँकेत जे असेल ते सुनेला. किती आहे, ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कलम दोन. माझी आरी, दोऱ्याची रिळं आणि घडी दाबायची हाडाची पट्टी बांधणीखात्यात नव्यानं लागलेल्या मुलीला. पट्टीची एक बाजू झिजली आहे. ती माझ्या अंगठ्याची बाजू, तिकडून धरावी. मालक एकदा म्हणाले होते, "बाई, तुम्हाला काय कळतं पुस्तकातलं?" मी म्हटलं, "उघडताना मोडू नये, एवढं कळतं." ते वारले, म्हणून हा राग इथेच मिटवते.

बत्तीस वर्षं मी छापील कागद दुमडले. सोळा पानांची घडी बसेपर्यंत एक वाक्य मनात जुळवायचं, जिभेवर ठेवून पाहायचं, अडखळलं की टाकून द्यायचं. घरी पोचेपर्यंत गोष्ट तयार. टेबल नव्हतं, कागद माझा नव्हता आणि "सुचत नाही" म्हणायला सवड नव्हती. याचा मला अभिमान आहे. तो कुणाच्या नावे करत नाही, सोबत नेणार आहे.

कलम तीन, आणि हेच मुख्य. गेली अकरा वर्षं रोज दुपारी एक तास मी सांगितलं आणि नातीनं लिहिलं. वह्या झाल्या एकोणीस. तिला घरात खार म्हणतात, सगळं साठवते म्हणून. गेल्या महिन्यात तिला ताप आला, तेव्हा एक वही मी मुद्रितशोधकांकडून वाचून घेतली. शिंप्याची गोष्ट. गिऱ्हाईक कोट न्यायला आलंच नाही आणि शिंप्यानं तो वीस वर्षं खुंटीला ठेवला, इतकंच मी सांगितलं होतं. वहीत पुढे होतं: 'दर वर्षी तो कोट कमरेला बोटभर सैल करायचा, गिऱ्हाईकही आता सुटलं असेल.'

ते मी तीनदा वाचायला लावलं.

ताप उतरल्यावर खारीला बोलावलं. "हे कुणाचं गं?"

"तुझंच, आजी."

"माझ्या गोष्टीत लठ्ठ माणसं नसतात, जागा अडवतात. कुणाचं?"

"मी फक्त जरासं सुधारलं."

"सुधारायला मी काय पडकी भिंत आहे?"

तिचे डोळे भरले. "मला स्वतःचं काही सुचतच नाही, आजी. तू गेलीस की मी काय लिहिणार?"

तेव्हा उत्तर दिलं नाही. इथे देते, अंगठ्यासकट.

एकोणीस वह्या नातीच्या. छापायच्या झाल्याच, तर नावं दोघींची, एकाच मापाच्या अक्षरांत. गोष्टीच्या शेवटी शिंपी रडतो, तेही तिनंच घातलंय, ते काढावं. शिंपी रडत नाही, दातानं दोरा तोडतो आणि पुढचं कापड ओढतो. कमरेचं वाक्य मात्र राहू द्यावं. बत्तीस वर्षांच्या घड्यांत तसं एकही मला साधलं नाही, आणि हे मी छाती फुगवून सांगते, कारण पोरगी माझी आहे.

विसावी वही मी स्वतः शिवली आहे. कोरी आहे. तिच्यात माझं एकही वाक्य येता कामा नये. रोज दुपारी तोच तास, तीच खुर्ची, दार बंद. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी घ्यायचं आणि लिहिलेलं मोठ्यानं म्हणून पाहायचं. वाईट उतरलं तर उतरू दे. पान फाडायचं नाही. एक फाडलं की शिलाईपलीकडचं त्याचं जोडीदार पानही निखळतं. वर्षभरात वही भरली नाही, तर एकोणीसच्या एकोणीस वह्या तिच्या बापाकडे जातील, व्याकरण सुधारायला. हे ऐकून मुद्रितशोधकांचाही हात थांबला. लिहा म्हटलं, लिहा.

स्थळ: मागची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: सात मार्च, दुपारी.
लिहून देणार: डाव्या अंगठ्याची निशाणी.
लेखनिक: मुद्रितशोधक, सही.
साक्षीदार: १. बांधणीखात्यातले मुकादम, सही. २. शेजारच्या घरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई, सही. ती मलाच काय, कुणालाच वाचता येत नाही.

ता. क. अंगठ्याखाली काही लिहू नये म्हणतात, तरी लिहा. त्या तासात खारीला जेवायला हाक मारायची नाही. सूनबाई, ताट दाराशी पाठव. एका हातानं खाता येईल असं, कोरडं, गार झालं तरी चालेल असं. रस्सा नको, वहीवर सांडतो. आणि फळ पाठवलंस तर कापून पाठव. सोलत बसली की तिला न लिहायला तेवढंच निमित्त.