नवरा नाही म्हणाले

३ जुलै

पोचलो एकदाचे इक्वेडोरच्या किनाऱ्यावर, सान सिरिलोला. चौदा तास! तीन ट्रक, एक ट्रॅक्टर आणि शेवटचा तासभर पायी. भुरभुर चालूच होती. इथले लोक तिला पाऊस म्हणायलाही तयार नाहीत, पण सॅक मात्र दुप्पट जड होते.

शेवटच्या ट्रकचे ड्रायव्हर सेगुंदोकाका. आमची नेहमीची पद्धत – मी रस्त्याकडेला अंगठा दाखवत उभी, लिसांद्रो सॅकांच्या मागे दडलेला. एकट्या पुरुषाला कोण घेतो! ट्रक थांबला की हा उठतो. काकांचा चेहरा पडला, तरी घेतलं बिचाऱ्यांनी. लिफ्टचं भाडं म्हणजे बडबड, ड्रायव्हरला पेंग येऊ द्यायची नाही. मी मध्ये बसून थर्मॉसमधलं पाणी ओतत आमच्याकडचा 'माते' नावाचा कडू चहा फिरवायचा आणि लिसांद्रोने आमची गोष्ट सांगायची. मी चष्म्याच्या दुकानात कामाला. हा स्वतःच्याच चष्म्यावर बसला, काच बदलायला आला, आणि मग दर आठवड्याला मुद्दाम चष्मा मोडून येत राहिला. शंभरदा तरी ऐकलीय. 'मुद्दाम' म्हणण्याआधी तो किती थांबतो तेही मला पाठ आहे. खरं तर चष्मा एकदाच मोडला होता. काका हसले. मीही हसले. गाल दुखतात आता.

घरी जायचंय. इथे लिहून ठेवते – घरी जायचंय.

४ जुलै

पिएदादबाईंचं लॉज. सात खोल्या, मागे समुद्र. जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं – जोडपं हवं, खोली आणि जेवण फुकट, बदल्यात काम. एकटे पुरुष दारू पितात आणि एकट्या पोरी आठवड्यात कुणाच्या तरी प्रेमात पडून निघून जातात, असं बाईंचं म्हणणं. बाई साठीच्या, विधवा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. लिसांद्रोने भिंती रंगवायच्या, मी सकाळचा नाश्ता बघायचा. रजिस्टरमध्ये त्यांनी नवरा-बायको लिहून टाकलं. लग्न कुठे झालंय आमचं! पण रस्त्यावर सगळे नवराच म्हणतात, कोण दुरुस्त करत बसणार.

नऊ महिन्यांनी दार असलेली खोली मिळाली. दार लावून बघितलं. पण लिसांद्रोही आतच होता.

जेवायला बाईंनी मासे तळले होते. तो म्हणाला, "आम्ही मासे खात नाही." आम्ही! खात नाही तो. मी लहानपणापासून खाते.  भात आणि कच्च्या केळ्याचे काप खाल्ले.

६ जुलै

तंबू वाळत नाही. काहीच वाळत नाही इथे.

७ जुलै

त्याने पलंगावर नकाशा पसरला. आता कितो, मग कोलंबिया, मग कार्तहेना, तिथून बोट मिळाली तर थेट पनामा. बोट ठेवून ठेवून दाखवत होता. मी म्हटलं, मला घरी जायचंय. तर म्हणाला, "काडी, तू हे बोलिव्हियापासून म्हणतेयस."

खरंय. ला पासला म्हणाले, कुस्कोला म्हणाले, पेरूच्या त्या वाळवंटात टायर फुटला तेव्हा तर रडून म्हणाले. दमले की तोंडातून तेच निघतं. तो मला काडी म्हणतो, मी त्याला जाड्या. दोघांचीही मापं आता तशी राहिली नाहीत.

मग टॉवेलवरून भांडलो. वजन नको म्हणून दोघांत एकच टॉवेल, आणि आधी अंघोळ करतो तो. मला मिळतो तो ओला बोळा. अर्धा तास बोललो टॉवेलवर! घरी, विया मारियात, आईच्या कपाटात टॉवेलांची थप्पी आहे.

९ जुलै

आमचा, अर्जेंटिनाचा स्वातंत्र्यदिन. लिसांद्रोने सकाळी शिडीवर चढून, हातात रंगाचा ब्रश धरून, अख्खं राष्ट्रगीत म्हटलं. सगळी कडवी! पिएदादबाई किल्ल्या गप्प करून खाली ताठ उभ्या राहिल्या. मला हसू आलं, खरं हसू. वाईट नाहीये तो. कधीच नव्हता.

फोनवर आईचा आवाजातला निरोप आला. मक्याचं कालवण केलंय, मागे भांड्यांचा खणखणाट, भाऊ नाउएल ओरडतोय की मांस जास्त घाल. शेवटी विचारलं, कधी येतेस? लवकर, म्हणाले.

१२ जुलै

लिसांद्रोचं पोट बिघडलं. नाक्यावरचा उसाचा रस, दुसरं काय. मी नको म्हटलं होतं. सकाळपासून सात वेळा. कण्हतोय आणि मधूनच सॉरी म्हणतोय.

१३ जुलै

औषध मिळतं पुएर्तो लोपेसला. बस दुपारनंतर. जाऊ का एकटी, विचारलं. "सांभाळून, काडी," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. नऊ महिन्यांत संडास सोडला तर एकटी कुठे गेले नव्हते.

रस्त्याकडेला उभी राहिले.  सॅकांच्या मागे कोणी दडलेलं नाही! पाच मिनिटांत टेंपो थांबला. चालवणारी बाई, मारिउक्सी नाव, मासळी विकते, मागे बर्फाची पिंपं. बसल्या बसल्या तिने विचारलं, नवरा कुठाय? मी म्हटलं, "नवरा नाही."

निघून गेलं तोंडातून. मग थांबेनाच. कुणाबरोबर फिरतेस? एकटीच. भीती नाही वाटत? वाटते की. हे एवढं मात्र खरं होतं. ती तिच्या मुलींचं सांगत राहिली, बर्फाचा भाव किती चढला ते सांगत राहिली. चष्म्याची गोष्ट कुणी सांगितली नाही. खिडकी उघडी होती, तोंडावर भुरभुर येत होती, आणि मला ती बंद करावीशी वाटली नाही.

औषध घेतलं. मग बाजारात उभ्याउभ्या माशाचं कालवण खाल्लं, वर कच्चा कांदा, दोन वाट्या. मग धक्क्यावर जाऊन बसले. तासभर! तो तिकडे विव्हळतोय आणि मी होड्या बघतेय.

परत आल्यावर सांगितलं, औषधाच्या दुकानात रांग होती. त्याने माझा हात धरला. किती दमलीस माझ्यासाठी, म्हणाला. दमले नव्हते. तेच तर विचित्र आहे. आज मी दमले नव्हते.

१४ जुलै

बरा आहे. भात खाल्ला.

मी पुन्हा दमलेय.

१७ जुलै

लॉजला मासळी कोण पुरवतं? मारिउक्सी. मला कसं सुचलं नाही!

कांदा चिरत होते. पिएदादबाई शेजारी येऊन केळी सोलायला बसल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "पोरी, नवरा नाही म्हणून सांगितलंस म्हणे."

मी म्हटलं, लग्न झालेलंच नाही आमचं, त्यात खोटं काय.

"ते मला नको सांगूस. वीस वर्षं लॉज चालवतेय. एकट्या पोरी येतात, बोटात खोटी अंगठी घालून. नवरा मागून येतोय म्हणतात. कुणी तर त्याचं नावगाव, नोकरीसुद्धा सांगते. रस्त्यावर बाईला नवरा लागतोच, नसला तर बनवावा लागतो. असलेला पुसून टाकणारी तू पहिलीच बघितली."

 मग त्यांनी एकेक विचारलं. मारतो का? नाही. दुसरा कुणी आहे? नाही. पितो? ग्लासभर, तोही रविवारी.

"मग झालंय काय?"

"दमलेय," मी म्हटलं. "घरी जायचंय मला."

"दमलेलं माणूस खाली बसतं, राणी. नवरा नाही म्हणत नाही."

आणि सालींची पाटी उचलून गेल्या. कांदा तसाच राहिला. लिसांद्रो वरून विचारत होता, पांढरा चांगला दिसतो की पिवळसर.

१८ जुलै

काही लिहावंसं वाटत नाही.

२१ जुलै

दुपारभर लिसांद्रो गायब. संध्याकाळी आला, कानाला खिडक्यांचा निळा रंग लागलेला, आणि माझ्यासमोर दोन तिकिटं ठेवली. ग्वायाकिल ते लिमा, पुढे बस बदलत बदलत घर. अठ्ठावीस तारखेची. "चल," म्हणाला, "घरी."

एवढ्यावर थांबला नाही. टायरच्या दुकानातल्या जुन्या मालकाला फोन करून नोकरी परत मागून घेतली. नाउएलला कळवलं. नाउएलने आईला. आईने तासाभरात चार निरोप पाठवले – गादी उन्हात टाकलीय, खोलीतली शिवणाची मशीन हलवली, शेजारच्या ओफेलियाला सांगितलं, रविवारी निखाऱ्यावर अर्धा बोकड. शेवटच्या निरोपात नुसती रडतेय.

मी लिसांद्रोच्या गळ्यात पडले. आणखी काय करणार होते? हेच तर मागत होते ना मी! बोलिव्हियापासून मागतेय.

२३ जुलै

तो शेवटच्या भिंतीवर दुसरा हात मारत होता. मी शिडी धरून उभी. विचारलं, "तुला जायचंय का घरी?"

"नाही." ब्रश थांबला नाही. "मला कार्तहेना बघायचं होतं. पण तू एवढे महिने सांगतेयस. कुणीतरी ऐकायला नको?"

"मी दमले की म्हणते तसं."

"मग तू इतके महिने दमलेली आहेस, काडी. ते काही बरं नाही."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण काय बोलायचं? आई, गादी, बोकड, सगळे तिकडे वाट बघतायत. आणि इथे हा, मला आवडतं म्हणून जे नकोय ते करायला निघालेला. इतका चांगला माणूस! एखादी तरी शिवी घालायला हवी होती त्याने. मला रडू आलं. आनंदाने रडतेस का, म्हणाला. मी मान डोलावली. मग रंगाचा डबा घासत बसले, घासून घासून नवा केला.

२५ जुलै

आजचा दिवस एका गोष्टीत गेला. ती म्हणजे हो म्हणणं. आईला हो, नाउएलला हो, स्वेटर आणतेस का हो, कधी पोचाल हो.

एकदा बाहेर रस्त्याकडेला जाऊन उभी राहिले. अंगठा खिशात. दोन ट्रक गेले उत्तरेकडे. परत आले.

२७ जुलै

सॅका भरल्या. त्याने माझी बांधून दिली, पट्टे ओढून ओढून, खांद्याला लागू नये म्हणून तंबू स्वतःकडे घेतला. पिएदादबाईंनी केळ्याचे तळलेले गोळे बांधून दिले. लिसांद्रोला मिठी मारली, रंग छान दिलास म्हणाल्या. माझ्याकडे नुसतं बघितलं. हिशेब विचारल्यासारखं नाही, पण बघितलं.

उद्या पहाटे निघून ग्वायाकिल, तिथून नऊची बस. ठरलंय. घरी गेल्यावर आठवडाभर झोपेन, मग सगळं ठीक होईल. बायका होतात ना ठीक. आई झाली, ओफेलिया झाली.

पुरे आता.

२८ जुलै, ग्वायाकिल

सॅका बसच्या पोटात गेल्या. आम्ही वर जाऊन बसलो. सुटायला पंधरा मिनिटं होती. "गरम पाणी भरून आणते," म्हणाले आणि थर्मॉस घेऊन उतरले. खानावळीतल्या बाईने काठोकाठ भरून दिला. परत फिरले, आणि खांबाशी थांबले. तिथूनच फोनवर लिहिलं – मला घरी जायचं नाही, मला एकटीला पुढे जायचंय, तू जा. पाठवून टाकलं. खिडकीत दिसत होता. वाचलं. चष्मा काढला. उठला, उभा राहिला. दार अजून उघडं होतं. मग खाली बसला, आणि बस सुटली.

माझी सॅक विया मारियाला चाललीय. माझ्याजवळ पासपोर्ट, फोन, थोडे पैसे, भरलेला थर्मॉस, ही वही आणि अंगावरचे कपडे. आईला अजून सांगितलेलं नाही. लिहितानासुद्धा लाज वाटते. आणि तरी उद्या सकाळचं कितोचं तिकीट काढलंय. दमलेली नाही मी. एक कणही नाही.

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. एवढंच – "पाणी मिळालं का?"