दाराआडची शपथ

सोमवार, ३ मार्च

सून निवडून आली! गावाची सुईण आता गावाची अध्यक्ष! मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आणि आमचे हे लिहितात. लिहा हो, नीट लिहा — जन्मभर मास्तरकी केलीत ना? सुनेनं जुन्या अध्यक्षाला पाडलं. खुर्चीवर असा बसायचा, की त्याला उठवलं असतं तर खुर्चीही सोबत उठली असती!

मंगळवार, ४ मार्च

शपथ शुक्रवारी, कचेरीत, सरकारी साहेबासमोर. दुपारी बाराच्या आत झाली नाही, तर निवड रद्द आणि जुनाच पुढे चालू. नियम कुणी केला? जुन्यानंच!

बुधवार, ५ मार्च

सुनेचे नवे कपडे शिवून आले. "आई, रंग भडक नाही ना?" म्हटलं, असू दे गं, लोकांचे डोळे दिपले की चुका दिसत नाहीत.

शुक्रवार, ७ मार्च

नटूनथटून निघालो, तर दारात जुना अध्यक्ष! डोक्यावर टोपी नाही, एकाच पायात चप्पल. "सुईणबाई, माझी सून अडलीय हो! मूल आडवं आलंय!"

सुनेनं नव्या बाह्या वर सारल्या. लेक ओरडला, "अगं, शपथ?"

"साहेबाला म्हणावं, बस जरा."

मी तिच्या मागोमाग जुन्याच्या घरी, हाताखाली. यांना साहेबाकडे पिटाळलं. बाराला थोडा अवकाश होता, तोवर साहेबच घोडागाडीतून तिथं हजर! बाळंतिणीच्या खोलीत शिरतो कसा? बंद दाराबाहेर कागद धरून उभा. तो एकेक तुकडा वाचायचा, आतून तोच तुकडा परत यायचा. मध्येच किंकाळी आली की साहेब दचकून ओळ चुकायचा! आणि घड्याळ धरून घाई कोण करत होतं? जुना अध्यक्ष! "आटपा हो साहेब, बारा वाजतायत!"

शपथ संपली, टोले पडले. मग टॅहँ! मुलगी. दोघी सुखरूप.

शनिवार, ८ मार्च

जुना नातीला मांडीवरून खाली ठेवत नाही. खुर्ची आठवत नाही म्हणे. आठवेल, आठवेल!

रविवार, ९ मार्च

सून रडवेली. "आई, गडबडीत शपथ राहूनच गेली. साहेब काय वाचत होता, मला कळलंसुद्धा नाही."

म्हटलं, बाळ फिरवताना तुला तोंड उघडायला सवड कुठली? दाराशी मी होते. मीच म्हटली.

अहो, हात का थांबला? लिहा! आणि उभं राहून लिहा — अध्यक्ष बोलतायत.