कॅप्टनसाहेबांचा दगड

अप्पा, वीरेशचं शरणु. अव्वालाबी सांगा.

मी बरा हाय. हैदराबाद आता सवयीचं झालंय, जेवण येळेवर व्हायलंय. आपल्या गावात, खजुरीत, तूर कशी हाय? अव्वाचा गुडघा?

एक सांगायचं राहिलं, भिऊ नका. मी काम करतो त्या बागेत मधोमध एका कॅप्टनसाहेबांचा दगड हाय. इथल्या एका जहागीरदाराच्या घरातले, लढाईत गेले. मला वाटलं, आपल्या लिंगायतांत पुरतेत तसं तेंना खाली पुरलंय, ही समाधीच हाय. म्हणून दर सोमवारी दगड धुवून मी तीन बोटं भस्म ओढायचो, बेलाचं पान ठेवायचो. खाली कुणीच न्हाई, नुसतं नाव हाय, हे मागून कळलं.

तवर लोक नारळ फोडायला लागले, नवस बोलायला लागले. परवा साहेबांची म्हातारी लेक आली. "माझ्या वडलांचा देव कामून केलात?" म्हणून रडली. आता देव म्हणणारे आन् नको म्हणणारे बागेतच भांडायलेत. मुकादम म्हणायलाय, भस्म लावणारा सापडू दे, पोलिसात देतो.

अप्पा, मी दोन सोमवार दगडाला हात लावला न्हाई. तरी सकाळी ताजं भस्म असतंयच. कोण लावायलंय, ठाव न्हाई. पण सगळे माझ्याच कपाळावरल्या भस्माकडं बघायलेत.

मठातलं भस्म सध्या पाठवू नका. आज जन्मात पहिल्यांदा कोरं कपाळ घेऊन कामाला गेलो.

हे कपाळाचं तेवढं अव्वाला वाचून दाखवू नका.

तुमच्या पायाशी,
वीरेश