वाफाळता पेला
जळगाव

आयुषीदीदी,

हे पत्र धुळ्याला टाकणार नाही. वाचलंस की लगेच मम्मीला फोन करशील.

माझा मणका मोडल्यापासून लघवीला नळी, नळीमुळे जंतू, जंतूंमुळे ताप. म्हणून डॉक्टरांनी चांगल्या, जिवंत जंतूंची पावडर दिली. खात्री नाही म्हणाले. आपल्या जैन महाराजसाहेबांनी मम्मीला, पाण्यात जीव राहू नयेत म्हणून, उकळलेल्या पाण्याचा नियम दिलाय, तुला ठाऊकच आहे. पावडरही ती वाफाळत्या पाण्यातच ढवळते. पाकिटावर लिहिलंय, गरम पाण्यात हे जंतू मरतात. मी गप्प आहे. कळलं तर ती जीवहत्येपायी उपास धरेल, आणि जिवंत जंतू तर मला पाजणारच नाही.

काल पुन्हा ताप. डॉक्टर म्हणाले, "हेही लागू पडत नाही. बंद करा."

तरी आज ती उरलेली पुडी ढवळून घेऊन आलीच. "संयम, यात जीव तर नाहीत ना रे?"

पेल्यातून वाफ निघत होती.

"नाहीत, मम्मी," म्हणालो. खोटं नाही बोललो.

तुझा, पडून असलेला,
संयम