फाटकाबाहेरचा ओंडका

२० डिसेंबर
वही, माफ कर, फार दिवसांनी लिहितोय. पेन बायको, लोइडे, चर्चला घेऊन जाते, त्याला मी काय करणार? बातमी अशी की पोरगा विल्बार्ड २६ ला, कुटुंब दिनाच्या सुट्टीला, बायको-बाळासकट वॉल्विस बेहून येतोय. बाळ आठ महिन्यांचं. नाव एरास्टस, म्हणजे माझंच. अजून पाहिलं नाही. मला घाई नाही.

२२ डिसेंबर
झोप नाही. उकाड्यामुळे.

२३ डिसेंबर
गेल्या वर्षी पोरगा हाक न देता, बूट घालून थेट आत शिरला. सगळ्यांसमोर झापलं होतं, की हे घर आहे, पेट्रोल पंप नाही; फाटकाबाहेर ओंडक्यावर बसायचं, टाटेनं, म्हणजे बापानं, बोलावलं की आत यायचं. तेव्हापासून फोनवर फक्त आईशी बोलतो. ठरलं. यंदा बसू दे जरा. मग मी मोठ्या मनानं बोलावीन.

२५ डिसेंबर
कडक चेहऱ्याचा सराव केला. लोइडेनं विचारलं, दाढ दुखतेय का. उद्याच्या जेवणासाठी कोंबडा बांधून ठेवला. फोनचा आवाज बंद करून तो बाजरीच्या कणगीत टाकला. कर्त्या माणसानं फोनची वाट बघू नये.

२६ डिसेंबर
लोइडे चर्चला. बरंच झालं, नाहीतर धावत फाटकावर गेली असती.
१२.१० गाडी. हॉर्न. मी गप्प.
१२.२० "टाटे, आम्ही आलोय." आवाज नरम. कुंपणाच्या फटीतून पाहिलं, ओंडक्यावर बसलाय. मात्रा लागू पडली. आणखी थोडं.
१२.३५ बाळ रडतंय. दणदणीत, आमच्याच घराण्याचा आवाज. उठलो. परत बसलो. एक वाजू दे.
१२.५० गाडी सुरू झाली. सावलीत लावत असेल.
१.२० सावली लांब असावी.

संध्याकाळ
लोइडेला ते रस्त्यात भेटले. गाडी मित्राची, तो पाऊण तासच थांबणार होता. पोराला पहाटे कामावर हजर व्हायचंय. फोन अकरा वेळा लावला म्हणे. आत डोकावला का नाही, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, "टाटेंनीच सांगितलंय ना, बोलावल्याशिवाय यायचं नाही."
तिच्या खांद्यावर दुधाचा डाग आहे. धुवायला तयार नाही. मी विचारलं, कसा आहे?
"हट्टी. मी हात पुढे केले तर तोंड फिरवलं, आणि मग स्वतःच रडत बसला. तुमचं नाव ठेवलंय, दुसरं काय होणार."

२७ डिसेंबर
अर्धी कणगी उपसली. फोन सापडला, चार्ज नाही. कोंबडा सोडला. ओंडक्यावर बसून लिहितोय. इथे फार ऊन लागतं, माहीत नव्हतं.
विल्बार्ड, परत कधी येतोस ते लवकर कळव. आईला कळवलंस तरी चालेल. फाटक उघडं आहे. बूट घालून ये.