बाल्कनीतून दिसणारी होडी

दादा, फोन उचलत नाहीस, म्हणून लिहून ठेवतेय.

काल उधाणात तुझी शिडाची होडी जेटीच्या भिंतीवर आपटायला लागली. तुझी वाट बघून शेवटी बाबाच पाण्यात उतरले. होडी आणि भिंतीच्या मध्ये त्यांचा उजवा हात चेंगरला. रात्रीच ऑपरेशन झालं. आई हॉस्पिटलमध्येच आहे, मी घरी कपडे न्यायला आले.

होडीची जागा ठरवताना बाबा अख्खी भरती-ओहोटी तिथं बसून बघतात. तुला सांगितलं होतं त्यांनी, "खाडीत आत, तिवरांच्या झाडीच्या आडोशाला बांध, तिथं वारा लागत नाय." पण तिथं चिखल. आणि तिथली होडी आपल्या बाल्कनीतून तुझ्या पाहुण्यांना दिसली नसती.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी होडीचंच विचारलं. मी सांगितलं, दादानं तिवरांत नेऊन बांधली. "शिकला पोरगा," म्हणाले आणि शांत झोपले. तुझं कौतुक करायचं त्यांच्या नशिबी आलं, तेसुद्धा माझ्या थापेमुळे.

होडी अजून जेटीलाच आहे. भरती लागली की खाडीत ने. बाबा जागे झाले की परत विचारतील, आणि मी दुसऱ्यांदा खोटं बोलणार नाही.

बूट काढून जा.

प्रिया